सोबर साड्या

११ जून २००२

कंपनीने यांना दिलेली ही शेवटची डायरी. मार्चात यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि डायरी कोरीच पडून राहिली, म्हणून मी उचलली. माणसाचं नावच मुळात निवृत्ती, त्याला आणखी स्वेच्छानिवृत्ती कशाला हवी, असं मी तेव्हा घरात म्हटलं होतं. हे हसले नाहीत. लेक भाग्यश्रीही हसली नाही. माझ्या विनोदांचं सहसा असंच होतं.

लिहायचं कारण म्हणजे मी आता धंदा करते. (हे वाक्य बरं दिसत नाही. उद्योजिका झाले आहे.) येवल्याचे वाल्मीकभाऊ विणकर आहेत, माझ्या मावसबहिणीचे शेजारी. त्यांच्याकडून साड्या आणायच्या आणि इथे सिडकोत घरी बसून किंवा दारोदार जाऊन विकायच्या. पहिल्या खेपेचे रंग मी स्वतः निवडले. राणी, पोपटी, जांभळा, आणि एक केशरी असा की तो बंद पिशवीतूनसुद्धा दिसत होता. झेंडूच्या मळ्यात वाढलेल्या बाईला रंग निवडायला सांगितलं की असंच होणार.

आज ते सगळं घेऊन गंगापूर रोडला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळ्या साड्या उलगडून पाहिल्या, चहाही दिला, आणि म्हणाल्या, "छान आहेत हो, पण जरा सोबर काही नाही का?"

"आहे ना, पुढच्या खेपेला येणार आहे," मी म्हटलं. सोबर खातात की पितात हे मला माहीत नव्हतं. पण मान अशी हलवली की जणू माझा जन्मच त्यात गेला.

घरी आल्यावर यांना विचारलं, "अहो, सोबर म्हणजे काय?"

हे पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. "कोणी काय म्हटलं तुला?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे सोबर काहीच नाही."

यांनी पेपराची घडी घातली आणि फेरी मारायला गेले. आले तेव्हा तोंडात वेलदोडा होता. यांना हल्ली वेलदोड्याची फार आवड लागली आहे. डबा सारखा रिकामा होतो.

१४ जून

भाग्यश्रीने उलगडा केला. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी विषय घेऊन. "सोबर म्हणजे शांत रंग गं आई. राखाडी, मोतिया, शेवाळी. भडक नाही ते."

"म्हणजे धुवून उडालेले."

"हे डॉक्टरीणबाईंसमोर बोलू नकोस."

एकूण गोष्ट अशी की श्रीमंत बायका नव्या साड्यांना जास्त पैसे देतात, पण त्या जुन्या दिसल्या पाहिजेत.

२२ जून

येवल्याला जाऊन आले. एस.टी.त विंचूरपर्यंत उभी होते. वाल्मीकभाऊंना म्हटलं, "भाऊ, यावेळी सोबर द्या."

"सोबर कोन्ता रंग हाय ताई?"

"राखाडी. मातकट. असं पाहिलं न पाहिल्यासारखं."

त्यांनी माग थांबवला. मग म्हणाले, "घरात काय झालंय का?"

त्यांना वाटलं, कोणी गेलंय. मी समजावलं की शहरात हीच फॅशन आहे. "काठ तरी जरीचा चालंल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बारीक चालेल. त्यांच्या बायकोने मला निघताना हळदकुंकू जरा जास्तच लावलं.

७ जुलै

सोबर साड्या चालल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन घेतल्या आणि मैत्रिणींना फोन केले. मला आता हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की पोळ्या लाटतानाही तोंडात येतो. माणसाला नवीन दात बसवले की तो सारखा हसतो, तसं माझं झालं आहे.

रात्री जेवताना नणंदेचा फोन आला. मी तिला म्हटलं, "अगं, आमच्या घरात पूर्वी सोबर काही होतं का? मला कळतच नव्हतं. पण आता डोळे उघडलेत. आता सोबर असेल तरच घरात घ्यायचं, नाहीतर दारातूनच परत."

हे अर्ध्या जेवणावरून उठले. पित्त झालंय म्हणाले. भाग्यश्री माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिली. यांना साड्यांच्या विषयाचा कंटाळा आलेला दिसतो. पुरुषांना बायकांचा धंदा वाढलेला सोसत नाही असं वत्सलाबाई म्हणतात. त्या शेजारी राहतात आणि त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

१९ जुलै

वत्सलाबाईंचं खोटं ठरलं. हे स्वतःहून म्हणाले, कॉलेज रोडची डिलिव्हरी मी करतो. कंपनीत स्टोअर सांभाळलं आहे, त्यामुळे साडीची घडी इतकी छान घालतात की मलाच लाज वाटते. प्रत्येक साडीला सुटी चिठ्ठी, त्यावर रंगाचं नाव. सकाळी लिहिताना हात थरथरतात थोडे. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून दिल्यात.

पण संध्याकाळी स्कूटरवरून पडून आले. कोपर सोललेलं, पुडा चिखलात. "खड्डा होता," म्हणाले, "कॅनॉलच्या पुलाजवळ, केवढा तरी." मोतिया रंगाची साडी आता सोबरच्याही पलीकडे गेली आहे. मी हळद लावली आणि रस्ते बांधणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. हे काहीच बोलले नाहीत. फार सोशिक माणूस.

२१ जुलै

तो खड्डा पाहायला मुद्दाम गेले. वाटलं, नगरसेवकाला नेमकी जागा सांगावी. पुलापर्यंत गेले, पुलापलीकडे गेले, परत आले. रस्ता नुकताच डांबरी केलेला, आरशासारखा. दोन दिवसांत बुजवला म्हणजे कमाल आहे. आपलं शहर सुधारतंय हे मान्य केलं पाहिजे. घरी येऊन तसं सांगितलंही. यांनी फक्त "हं" केलं.

५ ऑगस्ट

गौरी-गणपतीच्या आधी प्रदर्शन लावायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने कॉलेज रोडवरचा एक छोटा हॉल मिळाला, ३१ तारखेला. मी पाटी करायला टाकली. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत फक्त 'सोबर', खाली मराठीत माझं पूर्ण नाव.

भाग्यश्रीला हे पसंत नाही. "दुसरं नाव ठेव ना आई."

"का? तूच तर शिकवलास शब्द."

"काहीही ठेव. मोरपंख ठेव. तुझं लग्नाआधीचं नाव ठेव."

"त्या बायका मोरपंख बघून आत यायच्या नाहीत."

"पप्पांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? साड्यांचं त्यांना काय कळतं?"

ती काहीतरी बोलणार होती, पण हे आत आले, आणि ती पाणी प्यायला निघून गेली. इंग्रजी शिकलेल्या मुलींना आईच्या तोंडचं इंग्रजी आवडत नाही, एवढं मला कळतं.

३० ऑगस्ट

उद्या प्रदर्शन. हे आज स्कूटरने येवल्याला गेले आहेत, शेवटचा गठ्ठा घेऊन सकाळी थेट हॉलवर येतील. जाताना नवा शर्ट घातला, आणि दारात थांबून म्हणाले, "उद्या मी येतोच. नीट येतो."

नीट येतो म्हणजे काय ते कळलं नाही. इस्त्रीचं म्हणत असतील.

३१ ऑगस्ट

माझं पहिलं प्रदर्शन. किती साड्या गेल्या ते नीट पाहिलंसुद्धा नाही. गर्दी होती, बायका एकमेकींच्या हातातून साड्या ओढत होत्या, आणि माझं लक्ष सारखं दाराकडे.

अकराच्या सुमाराला वॉचमन गठ्ठा घेऊन आत आला. "साहेबांनी दिलाय."

"साहेब कुठायत?"

"गेले. पाटी वाचत उभे होते बराच वेळ. मग म्हणाले, हे आत दे, आणि गेले."

"प्यायलेले होते का?" हा प्रश्न शेजारून भाग्यश्रीने विचारला. वॉचमनला. माझ्यासमोर.

"नाय ताई," तो म्हणाला. "एकदम व्यवस्थित होते. नवा शर्ट होता."

मी पोरीकडे पाहिलं. तिने राखाडी साडी हातात घेऊन घडी घालायला सुरुवात केली, आणि ती घडी तिला घालता येईना. समोर एक बाई पोपटी साडी मागत होती. पोपटी होतीच, मीच हट्टाने ठेवली होती. मी तिला म्हटलं, "ती नका घेऊ, भडक आहे." असा माझा धंदा.

हे घरी आले नाहीत.

१ सप्टेंबर

आज रविवार. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि तिने सांगितलं.

वर्षभर झालं, तिला माहीत होतं. कंपनीतल्या लोकांना माहीत होतं. वत्सलाबाईंना तर अर्थात. वेलदोडा वासासाठी. पित्त म्हणजे पित्त नव्हे. खड्डा नव्हताच. मी ज्या रस्त्याची तारीफ करत आले, तो पहिल्यापासूनच तसा होता.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मला वाटायचं तुला कळतंय. नंतर वाटलं, कळत नाहीये तेच बरं. आणि मग तू सोबर-सोबर करायला लागलीस, तेव्हा मला कळेना की तुला कळलंय की नाही."

"त्याचा काय संबंध?"

ती जाऊन कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेला जाडजूड कोश घेऊन आली. तिने तो आधीच पाहून ठेवला होता, पानात बसचं तिकीट खुणेला. सोबर हा शब्द मुळात रंगाचा नाहीच. लॅटिनमधून आलाय. त्याचा पहिला अर्थ, न प्यायलेला. शुद्धीवर असलेला. 'एब्रियस' म्हणजे झिंगलेला, आणि त्याच्या आधी 'विना' लावून हा शब्द झाला. मग त्याचा अर्थ झाला विचारी, गंभीर माणूस. मग तसल्या गंभीर माणसाचे कपडे. मग त्या कपड्यांचे रंग. गुत्त्याच्या दारातून निघून तो शब्द फिरत फिरत गंगापूर रोडला डॉक्टरीणबाईंकडे पोचला, आणि तिथून मी त्याला घरी आणला.

"आजही पहिला अर्थ तोच आहे," भाग्यश्री म्हणाली. "पप्पांना तो माहीत आहे."

तेव्हा मला पाटी आठवली. खाली माझं पूर्ण नाव. सौ. शुभांगी निवृत्ती तिडके. वर हातभर अक्षरांत सोबर, आणि खाली, मधोमध, यांचं नाव.

मी नणंदेला फोनवर काय काय बोलले होते ते एकेक आठवत बसले. दारातूनच परत, असं म्हटलं होतं मी. हातात पोळी असलेल्या माणसासमोर.

२ सप्टेंबर

म्हसरूळला गेले. यांचे धाकटे भाऊ खंडेराव तिथे मळा बघतात. हे तिथे असणार हे मला कोणी सांगावं लागलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

खंडेराव बांधावर भेटले. "वहिनी, दादा परवापास्नं नीट जेवला नाय. मेथी मात्र लय झकास बांधतो."

हे शेडमध्ये मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. नवा शर्ट मळला होता. मी समोर बसले आणि काही सुचेना म्हणून मीही जुड्या बांधायला घेतल्या.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"कालपासून."

"थट्टा नको."

"भाग्यश्रीने सांगितलं. काल दुपारी."

त्यांचे हात थांबले. "आणि खड्डा?"

"मी तो शोधायला गेले होते."

"वेलदोडे?"

"मला वाटलं, आवडतात."

"जेवताना सोबर-सोबर चाललं होतं ते?"

"साड्यांबद्दल."

ते हसले. हसत हसतच तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यांनी मान खाली घातली. "साड्यांना म्हणतात तेही मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण मला वाटायचं, हिला सगळं कळलंय. तोंडावर बोलत नाही, सुई टोचते. इतके महिने मी तुझ्यावर रागावून होतो."

मग कंपनीचं सांगितलं. स्वेच्छा यांची नव्हतीच. सकाळच्या पाळीला गेटवर साहेबांनी अडवलं आणि मोठ्याने म्हणाले, "तिडके, यू आर नॉट सोबर." सगळी पाळी ऐकत होती. "तोच शब्द तू रंगवून माझ्या नावावर लावलास. परवा मी एक थेंबही घेतला नव्हता. आदल्या रात्रीही नाही. म्हटलं, आज तिच्या प्रदर्शनाला नीट जायचं."

इतक्या मोठ्या गोष्टीवर मला काय बोलता आलं, तर, "माझ्या नावावर लावलाय. तुमचं मधलं आहे."

"मला वाईट कशाचं वाटतंय सांगू?" ते म्हणाले. "एवढे दिवस मी लपवतोय, पडतोय, खोटं बोलतोय, आणि तुला काहीच दिसलं नाही."

रागावायचं खरं तर मी होतं. पण ते बरोबर बोलत होते. मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते, साड्या बघत होते. त्याआधी काय बघत होते ते देव जाणे.

खंडेरावांनी निघताना आम्हाला मेथी दिली, ओझं होईल इतकी. स्कूटर मी ढकलत आणली काही अंतर, कारण यांना चालवायची नव्हती आणि मला येत नाही. शेवटी रिक्षा केली, स्कूटर उद्या मागवायची आहे.

२० सप्टेंबर

गौरी झाल्या. हे एका डॉक्टरांकडे जातात, आणि दर सोमवारी पंचवटीत एका शाळेच्या वर्गात अशा माणसांची सभा भरते, तिथे. घरच्यांनीही यावं म्हणतात, म्हणून मी गेले. बाकांवर मोठी मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. प्रत्येकाने उठून आपलं नाव सांगायचं आणि जे असेल ते बोलायचं. यांची पाळी आली तेव्हा हे उभे राहिले आणि काही बोलेनात, म्हणून मीच बोलले. नाव, गाव, कंपनी, पित्त, वेलदोडा, सगळं. बरीच मिनिटं. सभा चालवणारे गेणूदादा शेवटी शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं घेणं कधीपासून आहे?"

सगळे हसले. हेही.

पाटी पलंगाखाली सरकवून ठेवली आहे. तिचं काय करायचं ते ठरलं नाही. गिऱ्हाइकं मात्र त्याच नावाने फोन करतात.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची खरेदी सुरू झाली आहे. आज संध्याकाळी दोन बायका साड्या पाहत होत्या, नवीनच गिऱ्हाईक. साड्यांचा ढीग पसरलेला. हे दुपारी जुन्या ओळखीच्या एकाच्या घरी साखरपुड्याला गेले होते. सहाच्या सुमाराला दारात येऊन उभे राहिले. चपला काढल्या नाहीत.

"शुभा," म्हणाले, "मी घेतली आज."

बायका थांबल्या. एकीच्या हातात पदर होता, तो तिने हळूच खाली ठेवला. "आम्ही उद्या येतो," म्हणून दोघी यांच्या बाजूने अंग चोरून निघून गेल्या. त्या उद्या यायच्या नाहीत.

आणि मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बरंचसं आठवतही नाही. एवढं लक्षात आलं की मळ्यातली भाषा मला अजून चांगली येते. या घरात लग्न होऊन आल्यापासून मी असा आवाज काढला नव्हता. मला वाटायचं, तो माझा स्वभावच नाही. भाग्यश्री आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, मध्ये पडली नाही. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये दिवे लागले.

हे ऐकत उभे होते. एकदा फक्त म्हणाले, "बरोबर आहे." त्यावर मी आणखी ओरडले.

घसा बसल्यावर थांबावं लागलं. ते अजून उंबऱ्याबाहेरच होते. मी खुणेने सांगितलं, आत या, डास येताहेत. ते आले, चपला काढल्या, आणि जमिनीवर बसून साड्यांच्या घड्या घालायला लागले. कडा जुळत नव्हत्या. एक घडी त्यांनी तीनदा मोडली. मी दुसरं टोक धरलं.

खिचडी गार झाली होती, तशीच तिघांनी खाल्ली. जेवताना ते म्हणाले, "तिथून निघाल्यावर रिक्षात वाटलं, आज घरी न जाता म्हसरूळला जावं."

मी भुवया वर केल्या. विचारायला आवाज नव्हता.

"मग म्हटलं, सांगून टाकू. तू काय करशील ते तरी कळेल."

आता कळलं आहे. सगळ्या गल्लीला कळलं आहे.

उद्या सोमवार, सभा आहे. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पाहिल्या, काही उपयोग नाही, तोंडातून नुसती हवा येते. उद्या त्यांनाच बोलावं लागणार.